पात्रता आणि संधी : पद्माकर शिवलकर यांच्या निमित्ताने

वसंत ऋतूत सायंकाळी एकत्र जमून चार विचार ऐकावेत, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झाली आणि हळूहळू महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी ती आपलीशी केली. अशा व्यासपीठावर राज्यकर्ते, संत, समाजसुधारक यांच्याविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तेव्हा सास्तूरसारख्या गावी, जेथे ज्वारी, सोयाबीन आणि पावसाचा भरवसा हेच बोलण्याचे नेहमीचे विषय, तेथे एका गोलंदाजाची कथा इतिहास म्हणून सांगावयास आम्ही उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. खेळ तो खेळ, त्यात इतिहास कसला, असेही कोणी म्हणेल.

परंतु प्रश्न खेळापुरता नाही. खालच्या पायरीवर वर्षानुवर्षे उत्तम काम करून दाखविलेल्या माणसाला वरच्या पायरीवर एकदा तरी उभे राहण्याची संधी मिळावी काय? मिळावी असे म्हटले तर ती त्याचा हक्क म्हणून, की देणाऱ्याची कृपा म्हणून? शाळेतल्या शिक्षकापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांना हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. मात्र बहुतेकांच्या कामगिरीची मोजदाद कोठे लिहून ठेवलेली नसते. क्रिकेटमध्ये ती असते. तेथे प्रत्येक चेंडूची नोंद होते आणि पन्नास वर्षांनीही ती तपासता येते. म्हणून या प्रश्नाचा विचार करावयाचा तर क्रिकेटच्या दप्तराइतके स्वच्छ दप्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पद्माकर काशिनाथ शिवलकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० चा, मुंबईचा. दादरच्या शिवाजी पार्कचा परिसर ही त्यांची कर्मभूमी. डावखुरे संथ फिरकी गोलंदाज म्हणून १९६१-६२ च्या हंगामात त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले आणि शेवटचा सामना ते १९८७-८८ मध्ये खेळले, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. या अवधीत त्यांनी १२४ सामन्यांत ५८९ बळी मिळविले. प्रत्येक बळीमागे त्यांनी सरासरी १९.६९ धावा दिल्या. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी ४२ वेळा घेतले आणि एका सामन्यात दहा किंवा अधिक बळी १३ वेळा. भारतातर्फे अधिकृत कसोटी सामना मात्र ते एकही खेळले नाहीत. ३ मार्च २०२५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांचा सूर एकच होता : केवढा गोलंदाज, आणि केवढे दुर्दैव!

या ‘दुर्दैव’ शब्दापाशीच आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. दैव म्हटले की कोणाची जबाबदारी उरत नाही आणि चौकशी संपते. इतिहासाचे काम याच्या उलट आहे. दैवाच्या नावावर खपविलेल्या गोष्टींत दैव किती आणि माणसांची व्यवस्था किती, हे त्याला निवडून दाखवावे लागते.

या निवडीची सवय आमच्या श्रोत्यांना वेगळी लावावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास या परिसराची जमीन हादरली. किल्लारीप्रमाणेच सास्तूरही उद्ध्वस्त झाले आणि आसपासच्या गावांत मिळून हजारो माणसे गेली. भूकंप हे दैव खरे. पण चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड धाबे यांखाली माणसे गाडली गेली, हा भाग दैवाचा नव्हता. तो बांधकामाचा होता. म्हणून गाव पुन्हा वसविताना बांधकामाची रीत बदलली. भूकंपापुढे हात जोडून लोक बसले असते, तर पुन्हा तशीच घरे उठली असती. खेळाडूच्या दुर्दैवाकडेही याच नजरेने पाहावयास हवे.

शिवलकर हे या मालिकेतले पहिले नव्हेत. डावखुऱ्या संथ गोलंदाजीचीच परंपरा पाहिली तर तिच्या आरंभी पळवणकर बाळू उभे आहेत. १८७६ साली धारवाड येथे जन्मलेले, चर्मकार समाजातले बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामास होते. गोऱ्या खेळाडूंच्या सरावासाठी त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकावेत, परंतु बॅट त्यांच्या हाती येऊ नये, अशी तेथली रीत होती. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरविण्याची इच्छा झाली, तेव्हा हा गोलंदाज आठवला. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सोवळ्यातल्या गड्यांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांचे पात्र वेगळे आणि जागाही वेगळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेथे संघ बहुधा हरत राहिला, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्यास आले. येथे दैवाचा भाग जवळजवळ शून्य. आडवी आली ती जात, आणि ती माणसांनीच आडवी घातलेली होती.

दुसरे उदाहरण प्राध्यापक दि. ब. देवधरांचे. हे संस्कृतचे अध्यापक. १९२६ साली गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला असता त्यांनी अखिल भारतीय संघातर्फे १४८ धावा काढल्या, आणि भारतीयांना कसोटीचा दर्जा मिळण्याच्या मागणीला अशा खेळींनी बळ आले. परंतु १९३२ मध्ये पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला तेव्हा चाळिशीला पोचलेल्या देवधरांना वगळण्यात आले. वय झाले, हा समज किती फसवा होता हे त्यांनी पुढे दाखविले. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोन वर्षे रणजी करंडक जिंकला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या.

तिसरे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम मोडावयास अवघ्या १० धावा हव्या होत्या. विश्रांतीनंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही; त्याने सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीत एका डावात ४०० धावा करणारा दुसरा भारतीय अद्याप झालेला नाही. तरी निंबाळकरांनाही अधिकृत कसोटी सामना मिळाला नाही.

तिन्ही उदाहरणे एका रांगेत ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘संधी मिळाली नाही’ हे वाक्य तिघांनाही लागू पडते, पण प्रत्येकाच्या बाबतीत कारण निराळे आहे. बाळूंच्या आड जात आली, देवधरांच्या आड वय आले, आणि निंबाळकरांच्या बाबतीत एका डावाच्या पराक्रमाने निवड करणाऱ्यांचे समाधान झाले नाही. म्हणून सरसकट हळहळ करण्यात अर्थ नाही. शिवलकरांचे प्रकरणही त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर तपासले पाहिजे.

शिवलकरांचा सर्वांत गाजलेला सामना म्हणजे १९७२-७३ च्या रणजी करंडकाची अंतिम लढत. मुंबईचा मुकाबला मद्रासला चेपॉकवर तामिळनाडूशी होता. तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन नामांकित फिरकी गोलंदाज असल्यामुळे खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत संपला. मग शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले आणि तामिळनाडूचा डाव ८० धावांत आटोपला. मुंबईने दुसऱ्या डावात ११३ केल्या. उत्तरादाखल तामिळनाडू ६१ धावांत गारद झाले. या वेळी शिवलकरांचे ५ बळी, धावा १८. एका सामन्यात ३४ धावांत १३ बळी! मुंबईचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद. खड्डा ज्याच्यासाठी खणला तो सुखरूप राहावा आणि खणणारा त्यात पडावा, असा तो प्रकार झाला.

आता दुसरी बाजू पाहू. ती न पाहता निकाल देणे हा इतिहासाचा धर्म नव्हे.

शिवलकर ज्या वर्षांत भरात होते त्याच वर्षांत बिशनसिंग बेदी भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९६६ च्या अखेरीस कलकत्त्यास त्यांनी पदार्पण केले आणि १९७९ पर्यंत ते ६७ कसोटी सामने खेळले, २६६ बळींचे धनी झाले. त्यांच्या जोडीला प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन होते. या चौघांनी मिळून कसोटीत ८५३ बळी घेतले. एवढ्या संपन्न घरातदेखील पंगत अपुरी पडत असे. चौघेही एकाच कसोटीत एकत्र खेळले ते फक्त एकदा, १९६७ साली बर्मिंगहॅमला. चौघांतल्याच एकाला नेहमी बाहेर बसावे लागे, तेव्हा पाचव्याची गोष्ट कोठून काढावी? बेदींना वगळून शिवलकरांना घ्यावयास हवे होते असे म्हणणारा माणूस आम्हांस आजवर भेटला नाही, आणि आमचेही तसे म्हणणे नाही.

आणखी एक आक्षेप आकड्यांविषयी आहे. शिवलकर मुंबईसारख्या बलाढ्य संघात खेळले. एकनाथ सोलकरांसारखा क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या नाकासमोर उभा असला म्हणजे गोलंदाजाचे अर्धे काम हलके होते. समोरच्या राज्यांचे संघ काही वेळा दुबळे असत, खेळपट्ट्याही फिरकीच्या सोयीच्या असत. तेव्हा रणजीतला वीस धावांचा बळी कसोटीत किती धावांना पडेल, हे सांगता येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. खालच्या पायरीवरचे यश वरच्या पायरीवर जसेच्या तसे चढत नाही. आमच्याकडच्या शाळेत पहिला आलेला मुलगा मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात पहिला येतोच असे नाही, याचा अनुभव बहुतेक घरांना आहे.

तिसरा आक्षेप फलंदाजीचा. एकाच संघात दोन डावखुरे फिरकी गोलंदाज चालत नाहीत असा काही नियम नव्हता. १९६७-६८ च्या दौऱ्यात बेदींबरोबर बापू नाडकर्णी होते, आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये बेदींच्या जोडीला सलीम दुराणी होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात दुराणींनी सोबर्स आणि लॉइड यांना बाद केल्याचे जुन्या रसिकांच्या स्मरणात आहे. परंतु नाडकर्णी आणि दुराणी दोघेही उत्तम फलंदाजी करीत. शिवलकरांची बॅट ही कधीच त्यांची शिफारस नव्हती. दुसरी जागा होती, पण ती अष्टपैलू खेळाडूसाठी होती.

येथवर पाहता निवड समितीची बाजू भक्कम दिसते. आमच्या मते मात्र ती एका ठिकाणी कच्ची पडते.

१९७४ साल. मद्रासच्या त्या पराक्रमानंतर भारताचा पुढचा कसोटी सामना वर्षभराहून अधिक काळ झालाच नाही. इंग्लंडविरुद्धची मालिका फेब्रुवारी १९७३ मध्ये संपली होती आणि पुढची कसोटी जून १९७४ मध्ये मँचेस्टरला झाली. गोलंदाज ऐन भरात असताना राष्ट्रीय संघाच्या वेळापत्रकात रिकामी पाने असावीत, याला वाटल्यास दैव म्हणावे. इंग्लंडच्या त्या दौऱ्यावर जुनेच चौघे गेले. भारत तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्‌सवर दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला.

त्यानंतर नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी आली. इंग्लंडमध्ये दिलेल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीवरून बेदींना शिस्तभंगासाठी त्या सामन्यातून वगळण्यात आले होते. ज्या एका माणसामुळे आठ वर्षे दार बंद होते, तो माणूस स्वतःच दारातून बाजूला झाला होता. देशात त्या वेळी डावखुरे फिरकी गोलंदाज दोन होते. एक शिवलकर, वय ३४. दुसरे हरियाणाचे राजिंदर गोयल, वय ३२. गोयल यांची कहाणी शिवलकरांच्या कहाणीची जुळी बहीण शोभेल. त्यांनी १५७ सामन्यांत १८.५८ च्या सरासरीने ७५० बळी घेतले आणि कसोटी एकही खेळले नाहीत. त्या सामन्यासाठी गोयल यांना बोलावणे आले. ते बंगलोरला पोचले. पण सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे तिघे उजव्या हाताचे फिरकी गोलंदाज खेळले. पुढच्या सामन्यात बेदी परतले. दार पुन्हा लागले ते कायमचे.

त्याच सामन्यात महाराष्ट्राचे हेमंत कानिटकर यांना पदार्पणाची संधी मिळाली. त्यांनी पहिल्याच डावात ६५ धावा केल्या, आणखी एक सामना खेळले आणि त्यांची कसोटी कारकीर्द दोन सामन्यांवर थांबली. संधी मिळणे आणि ती पुरेशी मिळणे यांत किती अंतर आहे, हे या एका सामन्याने दोन्ही अंगांनी दाखवून दिले.

मुंबईचा वशिला शिवलकरांना नव्हता काय, असे कोणी विचारील. त्या काळी मुंबईचे वर्चस्व मोठे होते. १९७१ ते १९७४ भारताचे कर्णधार अजित वाडेकर होते. पुढे सुनील गावस्कर झाले. दोघेही शिवलकरांचे मुंबईचे सहकारी. गावस्करांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात शिवलकर आणि गोयल दोघांनाही स्थान दिले आहे. जगातल्या नामांकित तोफखान्यापुढे उभे राहिलेल्या फलंदाजाने कसोटी न खेळलेल्या दोघा संथ गोलंदाजांना आदर्श म्हणावे, ही साक्ष लहान नव्हे. तेव्हा प्रादेशिक पक्षपाताची नेहमीची तक्रार येथे लागू पडत नाही. येथे दोष कोणा एका माणसाचा नव्हता. ‘जे चालले आहे ते चालू द्यावे’ या वृत्तीचा तो होता.

आता प्रश्न राहिला तो हा, की संधी मिळाली असती तर ते यशस्वी झाले असते काय? इतिहासात ‘जर’ला जागा नसते असे म्हणतात. पण कधी कधी इतिहास स्वतःच एखादा प्रयोग करून ठेवतो. बेदी १९७९ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दिलीप दोशी आले. तेही वर्षानुवर्षे देशी क्रिकेटमध्ये रांगेत उभे होते. सप्टेंबर १९७९ मध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पदार्पण केले तेव्हा त्यांना एकतिसावे वर्ष उलटून गेले होते. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात त्यांनी ६ बळी घेतले आणि ३३ कसोट्यांत ११४ बळींपर्यंत मजल मारली. ज्याला तिशीनंतर दार उघडे सापडले त्याने आपली पात्रता सिद्ध केली. शिवलकर त्यांच्याहून सात वर्षांनी वडील होते, एवढाच काय तो फरक. दोशींनंतर तर निवड समितीची दृष्टी एकदम खाली उतरली. रवी शास्त्री १८ व्या वर्षी आले, मणिंदर सिंग १७ व्या वर्षी.

परदेशातही असा प्रयोग पूर्वी झालेला होता. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला क्लॅरी ग्रिमेट हा गोलंदाज सिडनी, मेलबर्न, ॲडलेड अशी शहरे बदलीत संधीची वाट पाहत राहिला. ती १९२५ मध्ये मिळाली तेव्हा त्याचे वय ३३ होते. पहिल्याच कसोटीत त्याने ११ बळी घेतले आणि पुढे २१६ पर्यंत गेला. याउलट ग्लॅमॉर्गनचा डॉन शेफर्ड. त्याने प्रथम श्रेणीत २,२१८ बळी घेतले, आणि इंग्लंडने त्याला एकाही कसोटीत खेळविले नाही. म्हणजे हा रोग केवळ आपल्या मातीतला नाही.

मग त्यावर औषध आहे काय? अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे त्यात हा प्रश्न फार जुना आहे. तेथे मोठ्या संघांच्या पदरी खालच्या श्रेणीचे अनेक संघ असतात. शेकडो तरुण त्यांत राबतात आणि वरच्या संघात मूठभरांनाच जागा असते. धनवान संघाने चांगले चेंडूफेके खालीच अडकवून ठेवावेत, स्वतः खेळवू नयेत आणि दुसऱ्यालाही देऊ नयेत, असे होऊ लागले. म्हणून त्यांनी एक नियम केला. ठरावीक वर्षे खालच्या श्रेणीत काढलेल्या खेळाडूचे नाव संघाने आपल्या राखीव यादीत घातले नाही, तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. मात्र उचलणाऱ्याने त्याला पुढचा संपूर्ण हंगाम वरच्या संघात ठेवले पाहिजे. नाहीतर पहिल्या मालकाला परत देऊ केले पाहिजे. १९९९ च्या डिसेंबरात योहान सांताना नावाचा व्हेनेझुएलाचा एक डावखुरा चेंडूफेका ह्यूस्टनच्या खालच्या संघातून अशाच रीतीने उचलला गेला. पुढे २००४ आणि २००६ मध्ये तो आपल्या श्रेणीतला सर्वोत्तम चेंडूफेका ठरला. त्याला वर आणले ते कोणाच्या कृपेने नव्हे, नियमाने.

आमच्या क्रिकेटमध्ये असा नियम करता आला नसता, कारण राष्ट्र एकच आणि राष्ट्राचा संघही एकच. राज्य बदलता येते. देश बदलून कोण खेळेल? पण म्हणूनच निवडणाऱ्यांची जबाबदारी अधिक होती. जेथे दार एकच असते तेथे द्वारपालाने अधिक जागे राहावयास हवे.

या सर्वाचा निष्कर्ष आम्ही असा काढतो. ५८९ बळी घेतले म्हणून कसोटीतली जागा हा शिवलकरांचा हक्क झाला, असे आम्ही म्हणत नाही. हक्क म्हटला तर तो बेदींच्याही वर बजावावा लागेल, आणि ते न्याय्य झाले नसते. पण रणजी करंडक १९३४-३५ पासून खेळविला जातो तो कशासाठी? राष्ट्रीय संघासाठी माणसे पारखावीत म्हणूनच ना? त्या स्पर्धेत एखादा गोलंदाज वीस वर्षे एकाच सुरात सांगत असेल की मी तयार आहे, तर जागा रिकामी होताच त्याची परीक्षा घेणे हे निवडणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. परीक्षेत तो नापास झाला असता तर कोणाची तक्रार उरली नसती. परीक्षेलाच न बसविणे हा अन्याय. तो त्याच्यावर झाला, तसा त्या स्पर्धेवरही झाला. कारण ज्या तराजूत तोललेले वजन दुकानदार स्वतःच मानीत नाही, त्या तराजूवर गिऱ्हाइकाचा विश्वास कसा बसावा?

२०१७ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार शिवलकर आणि गोयल या दोघांना दिला. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. गौरव झाला, चांगले झाले. पण म्हातारपणी मिळालेली शाल आणि भर तारुण्यात हाती आलेला नवा चेंडू यांची बरोबरी होत नाही. शाल झाल्या कामाची पोच देते. काम करून दाखविण्याची वेळ तिने परत येत नाही.

या कहाणीत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. नाव येत नाही हे कळत असतानाही हा माणूस चेंडू टाकीत राहिला. चौतिसाव्या वर्षी दार लागले आणि त्यानंतरही कित्येक हंगाम तो त्याच टप्प्यावर, त्याच उंचीने चेंडू फेकीत होता. रुसून घरी बसला नाही. त्याला गाण्याचीही आवड होती. मैदानाबाहेर तो गात असे. नंतरच्या पिढीतल्या मुलांना त्याने गोलंदाजी शिकविली. संधी न मिळालेल्या माणसाने कसे वागावे याचा धडा त्याच्याकडून घ्यावा. तथापि हा धडा संधी देणाऱ्यांच्या सोयीसाठी वापरला जाऊ नये, एवढी खबरदारी आपण घेतली पाहिजे. सोसणाऱ्याच्या सोशिकपणाची स्तुती करून हात झटकणे फार सोपे असते.

शेवटी आपल्या अंगणाकडे वळू. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. मैदाने, शिक्षक, साधने यांची येथे नेहमीच वाण राहिली. तरीही याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांनी खो-खोमध्ये भारताचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. म्हणजे खाण येथे आहे. ती खणणारा हवा.

आणि खणणारे आपणच आहोत. तालुक्याच्या संघात कोणाला घ्यावयाचे, शाळेच्या स्पर्धेस कोणाला पाठवावयाचे, संस्थेत कोणाला बढती द्यावयाची, हे निर्णय मुंबई-दिल्लीत होत नाहीत. ते आपल्यासारख्यांच्याच बैठकीत, चहाच्या पेल्यासमोर होतात. तेथे ‘नेहमीचेच नाव लिहा’ असे कोणी म्हणेल तेव्हा एकाने तरी विचारावे, की रांगेत कोण उभे आहे, किती वर्षे उभे आहे, आणि जागा रिकामी झाली असता आपण त्याला हाक मारली होती काय? शिवलकरांना कसोटीची टोपी आता कोणीही देऊ शकत नाही. आपल्या शिवारातल्या कोणा मुलावर किंवा मुलीवर तीच पाळी येऊ न देणे, एवढे मात्र अजून आपल्या हातात आहे.